अमेरिकेत शिवार असतंय व्हय?

आमचे अप्पा सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा धोतराला हळद, बोटांना हळद. आमच्याकडच्या ‘रान’च्या प्रतीवर त्यांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा अजून आहे.

अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टरच्या तीन कादंबऱ्या जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणल्या, ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. मूळ पुस्तकं १९४०, १९४६ आणि १९५०ची, शेवटच्याला पुलित्झर मिळालेलं. हे सगळं मला फार उशिरा कळलं. लहानपणी एवढंच माहीत, की जेवणं झाली की अप्पा मोठ्यानं वाचतात आणि आई शेंगा फोडत ऐकते. पेनसिल्व्हेनिया सोडून ओहायोच्या दाट जंगलात शिरलेलं लकेट कुटुंब. बाप शिकारीच्या नादी, आई क्षयानं गेलेली, थोरली सेयवर्ड भावंडांना वाढवतेय. त्यात धाकटी सुली जंगलात हरवते. आमच्या आईच्या लेखी ही सुली म्हणजे कुणाची तरी सुलोचनाच! हे अमेरिकेतलं आहे, असं अप्पांनी एकदा सांगितलं तर म्हणाली, “काहीतरीच. अमेरिकेत शिवार असतंय व्हय?”

पुढे एम. ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर होता. इमर्सनचं १८३७चं भाषण, मेलव्हिलचा पांढरा देवमासा, ‘राष्ट्रीय साहित्याची जडणघडण’. मी इमानदारीत नोट्स काढल्या आणि परीक्षेनंतर विसरले. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’पाशी मात्र अडकले. घरातून पळालेलं एक पोरगं आपल्याच अशुद्ध भाषेत अख्खी कादंबरी सांगतं. १८८५ साली काँकर्डच्या ग्रंथालयानं ‘हकलबेरी फिन’ला गावंढळ ठरवून बाहेर काढलं होतं. आणि १९३५मध्ये हेमिंग्वे लिहितो, की सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य त्या एका पुस्तकातून निघालं. अतिशयोक्तीच ही. मग मेलव्हिल कुठं गेला? पण हेमिंग्वेला त्यात काय ऐकू आलं असेल, ते मला कळलं. वाटेगावच्या अण्णाभाऊंचा ‘फकिरा’ वाचताना मलाही तेच ऐकू येतं.

रिक्टरही त्याच वाटेचा. जुन्या वसाहतकऱ्यांच्या बोलण्यातले शब्द त्यानं हुडकून गोळा केले. सेयवर्डला अक्षरओळख नाही, पण तिचं मन तिच्या बोलीत चालतं. आणि जीएंनी ‘फील्ड्स’ला ‘शेतं’ म्हटलं नाही, ‘शिवार’ म्हटलं. शेत एकाचं असतं, शिवार गावाचं. झाडं तोडून तोडून सेयवर्डच्या डोळ्यांसमोर जे उभं राहिलं, ते शिवारच.

‘गाव’ मात्र घरात नव्हतं. कुणी नेलं ते परत आलंच नाही, त्यामुळं सुलीचं पुढं काय झालं, हे अप्पा गेल्यावरही आई अधूनमधून विचारायची. २०१९च्या महापुरात माळ्यावर होती म्हणून बाकीची दोन वाचली. गेल्या दिवाळीत मी ‘गाव’ आणलं. आईला मोतीबिंदू, तेव्हा आता वाचायचं काम माझ्याकडं.

परवा ते प्रकरण आलं. सुली सापडते. रेड इंडियन माणसाशी तिचा संसार झालाय, आणि भेटायला आलेल्या सख्ख्या बहिणींना ती ओळखच देत नाही. मी थांबले. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“तिला तिचं घर मिळालं न्हवं,” ती म्हणाली. मग शेंग फोडली. “वाच पुढं.”