इथली मुलं कुठे राहतात?

रविवार, १८ मे २०२५

नाशिकहून पुण्यात राहायला यायचं म्हणून भाड्याचं घर शोधतोय. आज पाहिलेला वाकडचा फ्लॅट चांगला होता, हे आधी लिहून ठेवते. बारावा मजला, दोन्ही बाजूंनी वारा, स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी. समीरचं ऑफिस हाकेच्या अंतरावर. एजंट सारखा सांगत होता, "मॅडम, पूर्ण फॅमिली सोसायटी आहे, बॅचलरना देतच नाहीत." (रेवाला पुण्यात घर शोधताना काय काय ऐकावं लागलं ते मला माहीत आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकून आनंद झाला नाही. असो.)

खाली बाग, घसरगुंडी, चार झोपाळे, पडलं तरी लागू नये म्हणून रबरी फरशी. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले, आभाळ आल्यामुळे ऊन नव्हतं, शाळांना सुट्टी. आणि तिथं एकही मूल नव्हतं. चिऊ एका झोपाळ्यावर बसली, मग दुसऱ्यावर, मग उतरून वॉचमनकाकांकडे गेली आणि म्हणाली, "इथली मुलं कुठे राहतात?"

ते म्हणाले, "आहेत की बाळा, वरती आहेत."

बस, एवढंच. तेव्हापासून माझं मन कशातच लागत नाहीये. ताईकडे जेवताना, गाद्या घालताना, सगळीकडे तेच. वरती आहेत.

समीर म्हणतो, सुट्टीत सगळे गावाला जातात, उरलेली क्लासला असतील. असेलही तसं. पण लिफ्टपाशी लावलेली सूचना मी वाचली होती: सायकल, चेंडू आणि स्केटिंगला सक्त मनाई. म्हणजे झोपाळ्यावर बसायचं आणि झोके घ्यायचे. सहा वर्षांचं मूल एकट्यानं किती वेळ झोके घेईल?

घर शोधायला लागलो तेव्हा आम्ही एक तक्ता केला होता. पाणी, शाळा, दवाखाना, ऑफिसचं अंतर, भाडं, डिपॉझिट. त्या तक्त्यानं बरंच काम सोपं केलं, नाकारत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, हे त्यामुळेच कळलं, आणि मग प्रत्येक ठिकाणी टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे विचारायची सवय लागली. सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट तर सगळ्यात मोठा आणि भाडं सगळ्यात कमी. तो आईंनी नाशिकहून फोनवरच बाद केला. गेल्या जुलैत खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यालगत नदीकाठच्या एकतानगरीत घराघरांत शिरलं, माणसांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. वर यंदा जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात पाण्यामुळे जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. हा फ्लॅट एकतानगरीत नव्हता, नदीपासून बराच आत होता, पण आई म्हणाल्या, "पाणी कुठवर येतं ते तुम्हाला कोण सांगणार तिथं?"

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. गोदेला पूर आला की आपण नाशिककर क्युसेक विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारतो. गुडघे, कंबर, छाती, गळा. त्यावरून पंचवटीतल्या कुठल्या दुकानदारानं माल वर चढवायचा हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथं मी एजंटला विचारलं की बिल्डिंग निळ्या पूररेषेच्या आत आहे का, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं तिच्या आत. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही भाड्यानंच घेताय ना?"

भाड्यानं घेतलं म्हणून पाणी दारातून परत जातं का?

पण पुराचं, टँकरचं निदान कुणाला तरी विचारता येतं. नकाशे असतात, बातम्या असतात. संध्याकाळी सहाला खाली मुलं असतात का, हे कुठून काढायचं? शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं ठरवून दिलंय. मुलाला खेळायला दुसरं मूल किती अंतरावर हवं, ते कुणी ठरवलंय?

आज मला फार वाईट वाटलं. समीरचं ऑफिस ठरलेलं, चिऊची शाळा १६ जूनला उघडणार हे ठरलेलं, आईंचा गुडघा ठरलेला. या सगळ्यात मी कुठं आहे ते त्या तक्त्यात नाही. माझ्या शाळेत राजीनामा देऊन आले, त्याबद्दल कुणी... नको, तो विषय आज नको. पण घर बघताना सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात, "तू सांग, तुला आवडलं का?" आणि मी "रिकामे झोपाळे" म्हटलं की म्हणतात, एवढंच ना? एवढंच. दिवसभर चिऊबरोबर घरात मीच असणार आहे. तिनं बाल्कनीतून खाली बघत विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं की वरती आहेत, असं रोज.

कालचा कोथरूडचा फ्लॅट आठवतोय. डहाणूकर कॉलनीच्या आतल्या गल्लीत, चाळीसेक वर्षांची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. दुसरा मजला, म्हणजे आईंना दिवसातून एकदाच खाली उतरता येईल. स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीला जागा नाही. आम्ही मालकांशी बोलत होतो तेवढ्यात चिऊ नाहीशी झाली. घाबरून खाली आले तर पार्किंगमध्ये पाच-सहा मुलं, आणि त्यातली एक मोठी मुलगी सगळ्यांना बजावत होती, "ही नवीन आहे, ही कच्चा लिंबू, हिच्यावर राज्य नाही." चिऊचं नावही अजून कुणी विचारलं नव्हतं. समोरचा वाणी गल्ल्यावरून ओरडला, "ए, गाडी येतेय, बाजूला व्हा." मुलं भिंतीला चिकटली, गाडी गेली, खेळ पुन्हा सुरू. तो वाणी हे रोज करत असणार. मला तो माणूस फार आवडला.

तरी काल मीच नको म्हटलं होतं, लिफ्टमुळे. आणि मालकांनी निघताना सांगितलं त्यामुळेही: "रीडेव्हलपमेंटचं चाललंय, अकरा महिन्यांचा करार करू, पुढचं पुढे बघू." त्या गल्लीतल्या दोन इमारती आधीच पत्रे लावून पाडायला घेतल्यात. म्हणजे हे पार्किंग, ही मुलं, कदाचित तो वाणीसुद्धा, सगळं वर्ष-दोन वर्षांत उठेल. तिथं पोडियम, म्हणजे पार्किंगवरचा मोठा स्लॅब, होईल आणि पोडियमवर रबरी फरशी.

काल मला हे फार मोठं कारण वाटलं होतं. आज वाटत नाही. नाशिकचं घर आपलं स्वतःचं होतं, कायमचं होतं, तरी निघालोच ना? कायमचं घर आपल्याला या वर्षी मिळणारच नाहीये, वाकडला नाही आणि कोथरूडलाही नाही. वाकडचा करारही अकरा महिन्यांचाच आहे. मग अकरा महिने कुठं काढायचे एवढंच ठरवायचं आहे. पहिलीचं वर्ष आहे तिचं. मैत्रिणी एकदा झाल्या की पुढच्या वर्षी दोन गल्ल्या पलीकडे गेलो तरी टिकतील, शाळा तीच राहील.

समीरला अर्ध्या तासापूर्वी उठवून हे सांगितलं. कोथरूडहून ऑफिसला चांदणी चौकातून बायपासनं जायचं, पूल नवा झाला तरी पुढे हिंजवडीत शिरताना जे व्हायचं ते होणारच, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लवकर निघत जाईन. आईंचं काय?" आईंचं मला अजून सुचलेलं नाही. पहिल्या मजल्यावरचे आजोबा मुलाकडे जाणार आहेत असं मालक बोलता बोलता म्हणाले होते. ते घर रिकामं होणार असेल तर आधी ते मागायचं. उद्या सकाळी मीच फोन करते.