आमची वाटचाल: लंडनच्या बाजारातला अरेप्याचा गाडा

आमचा गाडा लंडनमध्ये उघड्यावरच्या बाजारात शनिवार-रविवारी लागतो. खाणं व्हेनेझुएलाचं. पहिल्या मोसमात फळ्यावर ११ पदार्थ होते, आज ५ आहेत: तीन प्रकारचे अरेपे, तेकेन्यो (मैद्यात गुंडाळून तळलेलं चीज) आणि लिंबू पिळलेलं गुळाचं पाणी. बाकीचे का गळले आणि हे का टिकले याचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यात सापडतं. पिठातलं पाणी, सारणातलं, चीजमधलं, आणि झाकून ठेवलेल्या गरम पदार्थाची वाफ.

अरेपा म्हणजे मक्याची जाड, गोल भाकरी. ती कडेने चिरायची आणि आत सारण भरायचं. पण आपल्याकडचं मक्याचं पीठ इथे उपयोगाचं नाही. लागतं ते आधी शिजवून, वाळवून दळलेलं पीठ. पूर्वी व्हेनेझुएलात घरोघरी मका उखळात कांडत, उकडत आणि वाटत. लुईस काबायेरो मेहिआस या अभियंत्याने १९५४ मध्ये तयार पिठाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि १९६० मध्ये पोलार कंपनीने ‘हारिना पान’ बाजारात आणलं. तांदळाच्या भाकरीसाठी आपण उकड काढतो, ते काम इथे कारखान्यातच झालेलं असतं. म्हणून नुसत्या कोमट पाण्यात गोळा होतो. कच्च्या पिठाचा गोळा तव्यावर फुटतो. टॉर्टिया या मेक्सिकन पोळीचं पीठही घेऊ नये. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो आणि त्याची चव अरेप्याची नाही.

प्रमाण २ वाट्या पिठाला अडीच वाट्या पाणी, १ लहान चमचा मीठ. मीठ आधी पाण्यात विरघळवायचं, मग एका हाताने पीठ भुरभुरत दुसऱ्याने ढवळायचं. पिठावर पाणी ओतलं की गुठळ्या होतात आणि भाजल्यावरही त्या दाताखाली येतात. मग ५ मिनिटं झाकून ठेवायचं. ही पाच मिनिटं वाचवू नयेत. पीठ अजून पाणी पीत असतं, त्यामुळे सुरुवातीला सैल वाटलेला गोळा आपोआप आवळतो. घाईने वरून पीठ घातलं तर थापताना कडेला चिरा पडतात आणि भाजताना त्याच उलतात. चिरा दिसल्याच तर हात ओला करून पुन्हा मळावं. आम्ही एका वेळी १ किलोच पीठ भिजवतो. त्यात १२० ग्रॅमचे बावीस ते पंचवीस गोळे होतात, ओल्या फडक्याखाली राहतात आणि सुकायच्या आत संपतात.

गोळा १० सेंटीमीटर रुंद, दीड सेंटीमीटर जाड थापायचा. पातळ थापला तर सारणाला जागा उरत नाही, जाड ठेवला तर मध्य चिकट राहतो. भाजायचा बिडाच्या जाड तव्यावर, ज्याला तिकडे ‘बुदारे’ म्हणतात. मध्यम आचेवर दर बाजूला ५ ते ७ मिनिटं. कवच धरलं की अरेपा स्वतःहून तवा सोडतो. चिकटलाय तोवर उचलू नये. नंतर १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत १२ ते १५ मिनिटं. झाला का ते टिचकी मारून कळतं, आवाज पोकळ यायला हवा.

आमची सगळ्यात मोठी चूक इथेच होत होती. गर्दीच्या आधी अरेपे पुरते भाजून गरम डब्यात रचायचो. वाफेने कवच अर्ध्या तासात चामट व्हायचं आणि पुन्हा भाजून ते कधीच नीट झालं नाही. आता सकाळी फक्त तव्यावरचं काम होतं आणि अरेपे जाळीवर सुटे निवतात. भट्टीत १२-१२ चा घाणा रांग बघून जातो. चिरायचे मागणी आल्यावरच, पाव भाग जोडलेला ठेवून. वाफ निघून गेली की आतून लोणी फिरवायचं. सारणाचा रस लोण्यामुळे लगेच मुरत नाही.

थंडीत आणखी एक धडा मिळाला. ब्यूटेनची टाकी शून्याच्या आसपास वायू देईनाशी होते, ज्योत बारीक होते आणि कवच धरत नाही. प्रोपेनला ही अडचण येत नाही.

सारणं तीन. ‘रेना पेपियादा’त कोंबडी, अॅव्होकॅडो आणि मेयोनेझ असतं. ‘रेना’ म्हणजे राणी. १९५५ ची मिस वर्ल्ड सुसाना दुइम हिच्या सन्मानार्थ हे नाव पडलं. कोंबडी पूर्ण गार करून, पिळून मगच कालवायची, नाहीतर सारण पाणी सोडतं. अॅव्होकॅडो काळवंडतो म्हणून लहान डबा, दर तासाला ताजा. ‘पाबेयोन’मध्ये उकडून उकललेलं गोमांस, काळ्या घेवड्याचे शेंगदाण्याएवढे दाणे, तळलेलं पिकलेलं केळं आणि किसलेलं खारट चीज. मांसाचा रस कढईतच आटवावा लागतो. घेवडा आणि चीज एवढंच घातलं की ‘दोमिनो’. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून हे नाव आलं, आणि शाकाहारी माणसाला आम्ही हाच देतो.

तेकेन्यो म्हणजे चीजच्या कांडीभोवती गुंडाळलेली मैद्याची पट्टी. चीज घट्टच हवं. ताजं मोझरेला तेलात पाणी सोडून फुटतं, पनीर वितळत नाही. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवायचा, टोकं दाबून बंद करायची, गोठवायचं आणि गोठलेलंच १७५ अंशांवर तळायचं. अरेप्यात गहू नसतो म्हणून ग्लुटेन न चालणारे लोक विश्वासाने येतात. त्यांच्यासाठी तेकेन्योची कढई, झारा आणि टेबल वेगळं आहे, आणि ते गाड्यावर वळले जात नाहीत.

काचापा, म्हणजे ताज्या मक्याचं धिरडं, बंद करताना फार वाईट वाटलं. इथला गोड मका इतका पाणचट की धिरडं उलटताना तुटे. पीठ घालून बांधावं तर चव जाई. अर्धवट विकण्यापेक्षा न विकलेला बरा.

प्यायला ‘पापेलोन कोन लिमोन’. पापेलोन म्हणजे उसाचा गूळच. आम्ही भारतीय दुकानातला काळसर गूळ वापरतो, चव जुळते. दीड लिटर पाण्याला २०० ग्रॅम, आणि लिंबू पाणी निवल्यावर. गरमात पिळलं की कडवटपणा येतो.

खाताना अरेपा कागदातच उभा धरा, चीर वरच्या बाजूला. ताटलीत आडवा ठेवला की खालची बाजू भिजते. अॅव्होकॅडो, कोथिंबीर, लसूण आणि व्हिनेगरची ‘ग्वासाकाका’ चटणी एकदम ओतू नका, घासागणिक घाला. आणि १० मिनिटांत संपवा. घरी न्यायचा असेल तर सांगा, सारण वेगळं बांधून देतो.