सर्वांत जास्त वर्गणीचा कप

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला. माजी विद्यार्थी संघाचा हिशेब बघणाऱ्या माणसाच्या आठवणी पावतीपुस्तकापाशीच घुटमळणार, त्याला इलाज नाही. शाळेच्या महोत्सवाच्या निधीसाठी यंदा पुन्हा मुलांच्या हाती पावतीपुस्तकं जातील आणि पुन्हा 'सर्वांत जास्त वर्गणी' आणणाऱ्याला कप ठेवण्याची सूचना येईल. तो कप ठेवू नये, एवढंच सांगायचं आहे.

आपल्या वेळी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे कागदी झेंडे वर्गात यायचे. लाल, गडद निळा, फिकट निळा असे तीन पट्टे, तीन सेनादलांचे. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. त्याला बक्षीसबिक्षीस काही नसे, तरी झेंडे संपत. कारण पैसे देणाऱ्या काकांच्या खिशावर टाचणीने झेंडा लावायचं काम आपलं असे, आणि पोरांना तेच हवं असे.

कप आला की गणित बदलतं. ज्याच्या वडिलांचं बाजारपेठेत दुकान, त्याचं पुस्तक दुपारपर्यंत भरतं. तिसऱ्या दिवशी कप कोणाचा ते अख्ख्या वर्गाला कळतं आणि उरलेली पुस्तकं दप्तरात तशीच पडून राहतात. बक्षीस मिळतं ते वडिलांच्या ओळखींना.

मग टक्केवारी द्यावी का? उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या १८० शाळकरी मुलांवर हेच करून पाहिलं; निबंध २००० साली छापून आला. जोड्या करून मुलं दारोदार देणग्या गोळा करत होती. एका गटाला नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का, तिसऱ्याला १० टक्के मोबदला कबूल केला. सर्वांत जास्त रक्कम आणली बिनमोबदल्याच्या गटाने, सर्वांत कमी १ टक्केवाल्यांनी. चिल्लर हाती ठेवली की सेवेची मजुरी होते, आणि मजुरी म्हणून ती परवडत नाही.

म्हणून बक्षीस रकमेला नको, फिरण्याला हवं. दोन-दोन मुलांनी, उजेडात, आपल्याच वाडीत किंवा सोसायटीत फिरायचं आणि ठरल्या तारखेला पुस्तक परत आणायचं. कोरं आणलं तरी सहभाग धरायचा. हे आधी स्पष्ट सांगितलं नाही, तर रिकामं पुस्तक द्यायची लाज वाटून मुलं ते 'हरवतात', नाहीतर आई खर्चातले पैसे घालून पानं भरते. वर्गाचं कौतुकही पुस्तकांच्या संख्येवर करावं: ४५ च्या पटात ४३ परत आली, की त्या वर्गाला जादा खेळाचा तास. त्याला छदाम लागत नाही.

सातवीपर्यंत १० रुपयांची २० कुपनं पुरेत, पुस्तक २०० रुपयांचं. सुटे मोजायला सोपं. कार्बनची पावती आठवीपासून. पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांनी एक पावती सगळ्यांसमोर फाडून दाखवावी, कारण दरवर्षी निम्मे कार्बन उलटे बसतात. काळी बाजू खाली हवी. ती वर राहिली की अक्षरं मूळ पावतीच्या पाठीवर उमटतात आणि पुस्तकात राहणारी स्थळप्रत कोरी राहते. मग देणगीदाराचं नाव कुठून शोधणार? चुकलेली पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. पैसे दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला जमा. हल्ली बरेच जण शाळेचा क्यूआर स्कॅन करतात. तेव्हाही पावती मुलानेच लिहावी आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टिपून घ्यावेत, नाहीतर त्याचं फिरणं कुठेच दिसत नाही.

आता खर्च. ६०० मुलांनी २००-२०० आणले तर १ लाख २० हजार. त्याच्या पाच टक्के बक्षिसाला धरले तर ६ हजार, दरडोई १० रुपये. एवढ्यात पुठ्ठ्याचा छापील बिल्ला आणि सेफ्टी पिन बसते. पेढ्याचा मोह आवरावा. किलोत ४०-५० बसतात, म्हणजे १२ ते १५ किलो झाले, आणि संध्याकाळी त्याची आठवणही उरत नाही. बिल्ला महिनाभर गणवेशावर मिरवतो. मात्र हे ६ हजार जमलेल्या निधीतून काढू नयेत. देणाऱ्याने महोत्सवासाठी दिले, बिल्ल्यांसाठी नाही. वर उल्लेखलेल्या प्रयोगातही मोबदला देणग्यांतून दिला जाणार नव्हता. हा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. आपल्यासारख्यांनी वर्गणी काढली तर एका बैठकीत निघतो.

बिल्ले पुस्तकं परत आल्यापासून आठवड्यात वाटावेत. जुलैचं कौतुक जानेवारीच्या स्नेहसंमेलनात केलं तर ते कशाबद्दल, हे मुलाला आठवत नाही. प्रशस्तिपत्रक द्यायचंच असेल तर नावं हजेरीपटावरून घ्यावीत आणि छापण्याआधी मुलाला दाखवावीत.

पुस्तक खरोखर हरवलंच, तर त्यातले पावती क्रमांक त्याच दिवशी सूचनाफलकावर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावेत, म्हणजे त्या क्रमांकांवर कोणी पैसे देणार नाही. बिल्ला त्या मुलालाही द्यावा. फिरलं तर तेही होतं.