दाण्याशिवाय खानदेश

खानदेशी स्वयंपाकघरातून शेंगदाणा काढायचा म्हणजे काय, हे ज्याच्या घरातून तो काढावा लागला त्यालाच कळतं. भरतात तळलेले दाणे, फोडणीच्या खिचडीत दाणे, मेथीच्या भाजीला कूट, ठेच्यात दाणे, भाकरीशी दाण्याची चटणी, आणि हे सगळं शिजतं ते घाण्याच्या शेंगदाणा तेलात. आमच्या धाकटीला दाणे आणि काजू दोन्ही वर्ज्य, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी आधी माझ्याकडे आणि मग पोरीकडे पाहिलं. "मग ती खाणार काय?" हा त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता.

दुसरा प्रश्न येतो तो "एखादा दाणा खाल्ला तर काय होतं?" होतं. दाण्यातल्या प्रथिनाला तिचं शरीर शत्रू समजतं. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, आणि गोष्ट श्वासापर्यंतही जाऊ शकते. म्हणून मिक्सरचं भांडं वेगळं केलं. पाट्याला टाकी लावलेली असते, तिच्या खाचांत कूट अडकून राहतं, तेव्हा पाटा-वरवंटाही तिच्यापुरता बाद. घाण्याचं तेल बंद, कारण न शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनाचा अंश राहतो. थंडीतल्या लाडवांतली गोडंबी गेली आणि खिरीवरची चारोळीही गेली. दोघी काजूच्याच कुळातल्या, कशाला विषाची परीक्षा घ्या?

उरलं काय, तर बिया. त्याही डॉक्टरांना विचारून, एकेक करून आणि चिमूटभरापासून सुरुवात करून. तीळ तर मुद्दाम विचारून घेतले, कारण काही जणांना तेही दाण्याइतकेच बाधतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून खाण्याच्या पाकिटावर तिळाचा स्पष्ट उल्लेख सक्तीचा झाला, तो त्यामुळेच. आमच्या पोरीला तीळ सोसले, नाहीतर संक्रांतीला तिळगुळाच्या जागी काय वाटायचं हा पेच होताच.

गंमत म्हणजे आपल्याकडे बियांना कधी तोटाच नव्हता. तापीकाठचं टरबूज आपण फोडायचं, बिया अंगणात थुंकायच्या, आणि त्याच बिया सोलून 'मगज' म्हणून किराणा दुकानात आल्या की तोळामासा विकत आणायच्या. गंगाफळाचंही, म्हणजे लाल भोपळ्याचंही, तेच. भाजी चिरली की मधला गाभा सरळ उकिरड्यावर. आता मी तो गाभा परातीत घेते. बिया गरापासून सहजी सुटत नाहीत. बुळबुळीत दोऱ्यांना धरून बसतात, बोटातून निसटतात. पाण्यात चोळत राहिलं की हळूहळू दोरे तळाशी बसतात आणि बिया वर तरंगतात. मग सुपात पसरून गच्चीवर. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो तेव्हा जळगावात वाळवणाला वेळ लागत नाही. सकाळी चिकट असलेली बी संध्याकाळी मुठीत खुळखुळते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर टाकली की आधी काहीच होत नाही, आणि मग एकदम टपटप उडायला लागते. तेव्हाच मीठ-हळदीचं पाणी शिंपडायचं आणि कोरडं होईतो हलवायचं. सोलत बसण्याइतका वेळ कोणाला आहे? आम्ही सालासकट चावतो.

सूर्यफुलाच्या बियांनी मात्र वेगळंच नाटक केलं. पिकलेलं केळं, कणीक, गूळ आणि सूर्यफुलाच्या बियांचं कूट, वर चिमूटभर सोडा, असे गोड अप्पे केले. बाहेरून छान तांबूस. सकाळी डबा भरताना एक मोडला तर आत पोपटी! बुरशी असावी म्हणून वास घेतला, तर वास चांगला. या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याशी गाठ पडली की ते हिरवं होतं. खायला काही अपाय नाही. सोडा कमी केला आणि थोडं लिंबू पिळलं की रंग येत नाही. पण धाकटीला आता हिरवेच अप्पे हवे असतात, म्हणून सोडा मुद्दाम सढळ हाताने.

केळं असल्यावर निम्मं काम झालं. रावेर-यावलच्या केळ्यांना २०१६ साली जळगावचं केळं म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. पण आमच्या घरी त्याची किंमत साल काळी पडायला लागल्यावर कळते. ते कुस्करायचं, त्यात ज्वारीचं पीठ, भाजून भरडलेली गंगाफळाची बी, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून तव्यावर धिरडं टाकायचं. साखर लागत नाही. लाडवांना खजूर: बिया काढून तुपावर मऊ करायचा, त्यात मगज, गंगाफळ आणि सूर्यफूल यांची भरड मिसळायची. भाजायचं मात्र प्रत्येक बी वेगवेगळं, एकत्र टाकलं तर मगज करपतो आणि गंगाफळ कच्चं राहतं. जवस दोन चमचे पुरे, तोही भाजून कुटूनच. अख्खा जवस पोटात जातो तसाच बाहेर येतो. आणि कुटलेला जवस फार दिवस ठेवू नये, लवकर खवट होतो. बाजारातल्या सोललेल्या बिया घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची. सुट्या तर घ्यायच्याच नाहीत, कारण दुकानदाराचं माप दाण्याच्या पोत्यातून थेट बियांच्या पोत्यात जातं.

खरी लढाई उपवासाच्या दिवशी झाली. साबुदाण्याला दाण्याऐवजी गंगाफळाच्या बियांचं कूट लावलं, तर जाऊबाई म्हणाल्या, हे उपवासाला चालतं का? सासूबाई माहेरच्या अमळनेरकडच्या, निकाल अहिराणीत लागला, "गंगाफय चालस, मंग त्याना बियास्नी काय पाप करं?" विषय संपला. मला मात्र हसू आवरेना. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, शिवाय हे गंगाफळ, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, काही शतकांपूर्वी समुद्रापलीकडून आलेली, आणि आमच्या उपवासाला बिनतक्रार चालतात. तीळ इथलाच, हडप्पात त्याचे जळके दाणे सापडलेत, पण आमच्या घरी उपवासाला तो चालत नाही. हे सासूबाईंना सांगायची माझी छाती नाही.

भरताचं कोडं मगजाने सोडवलं. बामणोदकडची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलून बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचायची, फोडणीत कांद्याची पात, हिरव्या मिरच्यांचं वाटण, आणि दाण्यांच्या जागी तळलेला मगज. मगज तळताना डोळा ठेवावा लागतो. फुगला की लगेच काढायचा. दाण्यासारखा लागतो का? नाही. दाणा दाताखाली फुटतो, मगज कुरकुरतो आणि विरघळून जातो. पण आता पंगतीत धाकटीचं ताट वेगळं वाढावं लागत नाही, सगळ्यांच्या पानात तेच भरत आणि तीच कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. थोरला अधूनमधून कुरकुर करतो, तो मित्राच्या घरी जाऊन दाण्याचं भरत खाऊन येतो. खाऊ दे. फक्त आल्यावर हात-तोंड साबणाने धुऊन मगच बहिणीजवळ जायचं, एवढा नियम आहे.

ठेच्यापुढे मात्र मी हात टेकले. तीळ घालून पाहिले, कडवट झाला. मगज घातला, गुळमट झाला. बियांचं कौतुक करावं तितकं थोडं, पण ठेचा दाण्याचाच, नाहीतर मग नुसती मिरची, लसूण आणि मीठ. धाकटी अजून ठेचा खात नाही. खाईल तेव्हा बघू.