पत्ते एकीकडे, तारखा दुसरीकडे

आज दिवसभर आमच्या वाचनालयाच्या सभासदांचे पत्ते थंडरबर्ड या ईमेल कार्यक्रमाच्या पत्तापुस्तकातून सीएसव्ही स्वरूपात (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुरात) काढून, लिब्रेऑफिस या खुल्या कार्यालयीन संचातील कॅल्क या तक्त्यांच्या कार्यक्रमात नीट लावून, रायटर या लेखनाच्या कार्यक्रमातील मेल मर्जच्या (एकाच पत्रात प्रत्येकाचे नाव-पत्ता आपोआप भरणाऱ्या सोयीच्या) साहाय्याने वार्षिक सभेची पत्रे तयार केली. काम झाले, पण पत्ते एकीकडे, सभेची तारीख दुसरीकडे आणि पत्र तिसरीकडे ही ओढाताण मला मनापासून खटकली.

लिब्रेऑफिसमध्ये स्वतःचे ईमेल आणि दिनदर्शिका नाही, ही उणीव जुनी आहे. लिब्रेऑफिसचा पूर्वज असलेल्या स्टारऑफिस 5.2 मध्ये ईमेल आणि वेळापत्रक दोन्ही होते. 2000 साली सन मायक्रोसिस्टिम्सने या संचाची संहिता खुली केली आणि त्यातून 2002 मध्ये ओपनऑफिस.ऑर्ग 1.0 आले, तेव्हा मात्र हे भाग त्यात नव्हते. ते नव्याने लिहावेत, की मोझिलाचे थंडरबर्ड आणि त्याची लाइटनिंग ही दिनदर्शिका जोडून घ्यावी, असा पेच पुढे उभा राहिला.

मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, कारण ईमेलचा कार्यक्रम सुरक्षित ठेवणे हेच एक पूर्णवेळ काम आहे, आणि नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी आयकॅलेंडर (दिनदर्शिकेसाठी) व व्हीकार्ड (पत्त्यांसाठी) ही खुली मानके 1998 पासून उपलब्ध आहेत. मात्र अशा जोडणीचा आराखडा आखताना सुरुवात दिनदर्शिकेपासून नव्हे, तर सामाईक पत्तापुस्तकापासून व्हावी. आज पत्रे छापून झाल्यावर एका आजोबांनी नवा पत्ता कळवला, आणि तो मला दोन ठिकाणी वेगवेगळा दुरुस्त करावा लागला.