तिरक्या रेघेतला भोवत्या
रविवार, रात्री साडेनऊ

बूट अजून दाराबाहेरच आहेत. उजव्यातला चिखल निघाला, डाव्यातला उद्या वाळल्यावर खरवडून काढीन. पिंढऱ्या ठणकतायत. पण आजचं आजच लिहिलं नाही, तर उद्यापर्यंत मी स्वतःलाच हवं ते पटवून देईन. म्हणून आधी हे.

पहाटे पाचला निघालो. दादा गाडी चालवायला आला होता, पक्ष्यांसाठी नाही. चिमणी-कावळ्यांपलीकडचे सगळे पक्षी त्याच्या लेखी ‘ते तसलेच’. माझ्या यादीत दोनच नावं होती: दलदलीत लपणारा छोटा पाणलावा आणि पांढुरका भोवत्या हा शिकारी पक्षी. बाकी दिसेल ते वरकमाई.

आधी पाणथळ. मी कडेकडेनेच चालले, कारण लव्हाळ्यांत घुसून पक्षी उठवत फिरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तरी दहा मिनिटांत एक पाणलावा पायापुढून उडालाच. फाटकं कापड टरकन ओढल्यासारखा आवाज, मग नागमोडी वळणं घेत थेट वर. पंखांच्या मागच्या कडेला पांढरी रेघ स्पष्ट दिसली, म्हणजे साधाच पाणलावा. या वेड्यावाकड्या उडण्यामुळेच त्याला बंदुकीने टिपणं महाकठीण होतं. इंग्रजीतला ‘स्नायपर’ हा शब्द त्याच्याच शिकारीवरून आला, हे दादाला सांगितलं. त्याने पहिल्यांदाच दुर्बीण मागितली.

असे पाच झाले. सहावा मात्र उडाला नाही. पंधरा पावलांवर, उघड्या चिखलात बसला होता. आधी दिसलाच नाही. पाठीवरचे पिवळट पट्टे म्हणजे वाळक्या काड्याच वाटल्या. मग एक काडी हलली. मी होते तिथेच उकिडवी बसले. शिलाई मशीनच्या सुईसारखी त्याची चोच खाली-वर होत होती, आणि मधूनच पार मुळापर्यंत चिखलात जायची. चोचीचं टोक मऊ आणि संवेदनशील असतं. बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं, त्यामुळे किडा वर न काढताच तो गिळू शकतो. वाचलेलं होतं हे सगळं. पण चोच आत असतानाच त्याचा गळा हललेला दिसला तेव्हा कुठे खरं वाटलं. तोंड चिखलात, तरी नजर माझ्यावर. डोळे डोक्यावर इतके मागे आणि वर असतात, की मागून येणारंही त्याला दिसतं. वीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. मग मी उठायला गेले आणि डावा बूट चिखलातच राहिला. पाय मोज्यासकट बाहेर. पाणलावा उडाला, दादा हसला.

छोटा पाणलावा काही दिसला नाही. हा पठ्ठ्या अंगावर पाय पडायची वेळ आली तरी हलत नाही, आणि उठलाच तर बहुधा आवाज न करता, थोडं अंतर जाऊन पुन्हा गवतात गडप. म्हणजे आज मी त्याच्या किती जवळून गेले असेन, देव जाणे.

दुपारी शेतांकडे वळलो. कापणी झालेली, नुसती धसकटं उरलेली. दोन तासांत टिटव्या, चंडोल, आणि तारेवर एक खरूची, म्हणजे छोटा ससाणा. मी तिच्यात गुंतले होते, तेवढ्यात दादा म्हणाला, “अगं, तो कोण? बांधावरून चाललाय बघ, काहीतरी हरवल्यासारखा.”

भोवत्या! पंख उथळ व्हीसारखे उचललेले, जमिनीपासून हातभर वर, डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत. घुबडासारखा गोलसर चेहरा खाली वळवलेला, कारण तो नजरेइतकाच कानांनीही शिकार शोधतो. अंग तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा डाग. इथेच घोळ, कारण माँटेग्यूचा भोवत्या हा त्याचा भाऊबंदही असाच दिसतो. प्रौढ नर असता तर प्रश्नच नव्हता: पांढुरक्याच्या पंखांच्या टोकाला काळी पाचर, माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर आडवी काळी पट्टी. पण माद्या आणि पिल्लं दोन्ही जातींची तपकिरीच. मग पांढुरक्याची मानेवरची फिकट कॉलर पाहा, पंखाखालचे पट्टे पाहा, आणि हे सगळं सात-आठ सेकंदांत. मी काय पाहिलं? ‘भोवत्या, भोवत्या’ म्हणत कॅमेरा चाचपडत राहिले. अकरा फोटो आले. नऊ गवताचे, एक आभाळाचा, आणि एकात धूसर तपकिरी पंख.

“मग तोच का तुझा?” दादा.

“कॉलर होती बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे? दिसली का नाही?”

परतीच्या वाटेवर ती कॉलर हळूहळू ठळक होत गेली. घाटमाथा कसा लांबून निळा आणि छान दिसतो, तसंच. टोल येईपर्यंत ती पांढरी झाली होती, घर येईपर्यंत तिच्या वरची गडद किनारही मला आठवायला लागली होती. फोटोत मात्र मानच नाही.

पांढुरका भोवत्या कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानांतून हिवाळ्यात खाली येतो, आणि आज त्याची गणना संकटसमीप पक्ष्यांत होते. अशा पक्ष्याची संख्या लोकांच्या नोंदींवरूनही जोखली जाते. त्यात माझी हौस मिसळायची का? तासभर ‘पांढुरका’वर बोट ठेवून बसले होते, खोटं कशाला लिहू. पक्ष्यांच्या नोंदी करायच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर दोन जातींमध्ये तिरकी रेघ मारून नोंद करायची सोय आहे. शेवटी तीच निवडली.

साधा पाणलावा: 6. छोटा पाणलावा: 0. भोवत्या, पांढुरका/माँटेग्यूचा: 1. शेऱ्यात लिहिलं, ‘आधी भावाला दिसला.’ ते वाचून दादा आत्ताच विचारून गेला, पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं.