थ्रेशरवर इंजन बसायचं, गव्हर्नर उशिरा जागा व्हायचा : माझा अनुभव

नागपूरजवळ कळमेश्वरकडे आमचं शेत आहे आणि ट्रॅक्टर बाबांच्या वेळचा. सोयाबीनचं थ्रेशर त्यावरच चालते. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट) ५४० आरपीएमवर धरून थ्रेशरात जरा जाड कवळ टाकली की इंजन बसायचं, म्हणजे आरपीएम पडायचं, काही सेकंद तसंच कण्हत राहायचं न मग एकदम काळा धूर सोडून उचलायचं, तोवर थ्रेशर चोक. सगळे म्हणून राहिले होते इंजनात दम नाही राहिला, पिस्टनच्या रिंगा गेल्या. मला काही ते पटेना, कारण उचलल्यावर पावर तर पुरी यायची, फक्त उशिरा. माझी शंका गव्हर्नरवर, म्हणजे लोड पडला की डिझेल वाढवून आरपीएम टिकवणाऱ्या यंत्रणेवर होती.

अशा वेळी पहिले धूर पाहायचा. लोड पडताच काळा धूर आला न तरी आरपीएम चढत नाही, तर डिझेल मिळून राहिलं, रोग इंजनाचा किंवा हवेचा. धूरच नाही आला तर फिल्टर, फीड पंप, टाकीतला कचरा पाहा. आमचा धूर यायचा पण उशिरा, म्हणजे रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) सरकायला वेळ लागते.

आमच्या डिझेल पंपावर वजनाचा गव्हर्नर नाही, जुना व्हॅक्यूमवाला आहे. एक्सिलेटरचा दांडा इनटेकमधल्या (हवा आत जायच्या वाटेतल्या) बटरफ्लाय झडपेला जाते, तिथून एक बारीक पाइप पंपाच्या मागच्या डायफ्रामला, म्हणजे रॅकला जोडलेल्या पडद्याला. आरपीएम पडलं की व्हॅक्यूम कमी, मग स्प्रिंग रॅकला डिझेल वाढवायच्या बाजूला ढकलते. बस, एवढाच खेळ. मिस्त्रीचं मात्र एकच, "पंप खोलाच लागते भाऊ, स्प्रिंग कसून देतो." भर सीझनमध्ये पंप उतरवून लॅबमध्ये टाकायचा म्हणजे सोयाबीन पावसात भिजवायचं.

म्हणून आधी बाहेरचं पाहिलं. एअर क्लीनरच्या वाटीत तेल कमी न गाळ जास्त होता. तो चोक असला की व्हॅक्यूम उगाच वाढते न गव्हर्नर डिझेल कापते. धुतल्यावर पावर थोडी सुधारली पण उशीर तसाच. पाइप फुंकून पाहिला, साफ होता. (हा पाइप चालू इंजनवर काढू नका बापा, व्हॅक्यूम गेला की रेस सुटते न इंजन हातात राहत नाही.)

मग इंजन बंद करून स्टॉपचा दांडा पूर्ण ओढला, पाइप काढून पंपाच्या त्या तोंडावर ओलं बोट दाबलं न दांडा सोडला. डायफ्राम चांगला असला तर रॅक थोडा झटक्यात येऊन अडते, मग हळूहळू सरकते, फाटका असला तर थेट टोकाला जाते. आमचा अडला, म्हणजे फाटका नव्हता. पण बोट काढून केलं तरी तसाच रखडत आला, तिथंच गोष्ट समजली, रॅक नाहीतर डायफ्रामच जाम आहे. मागचं झाकण खोलून डायफ्राम सोडवला तर रॅक एका बोटानं मोकळा सरकत होता. चामड्याचा डायफ्राम वाळून पापडासारखा झाला होता, आणि मिस्त्री म्हणे स्प्रिंग कसून देतो!

नवा डायफ्राम कॉटन मार्केटकडे विचारत फिरल्यावर मिळाला. बसवताना कडा नीट बसवली, पाइपचे युनियन (जोड) कसले, स्प्रिंगला हात नाही लावला. आता कवळ पडली की आवाज जरा जड होते न लगेच उचलते. ओला माल टाकला तर थ्रेशर अजूनही चोक होते, पण तो चाळणीचा विषय आहे, त्यात बिचाऱ्या गव्हर्नरचं काही नाही.